खरवडलेल्या पानावरचा कवी

2020 सालच्या ऑक्टोबरात युक्रेनमधल्या पुस्तकांच्या दुकानांत एका जाडजूड पुस्तकावर उड्या पडल्या. ते ना रहस्यकथेचं होतं, ना पाककृतींचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खटल्याचे कागद त्यात एकामागून एक छापले होते. जबाब, झडतीचे पंचनामे, तज्ज्ञांचे अहवाल, निकालपत्र. वाख्तांग किपियानी या पत्रकाराने केजीबीच्या जुन्या दप्तरातून ते बाहेर काढले होते आणि पुस्तकाला सरळ नाव दिलं होतं, ‘वासिल स्तुसचा खटला’. एरवी असं पुस्तक अभ्यासकांच्या कपाटात धूळ खात पडलं असतं. पण 19 ऑक्टोबरला कीव्हमधल्या दार्नित्सा विभागाच्या न्यायालयाने निकाल दिला, की पुस्तकातल्या काही वाक्यांमुळे एका गृहस्थांच्या अब्रूला धक्का लागतो; ती वाक्यं काढा, आणि छापलेल्या प्रती वाटू नका. बातमी पसरायचा अवकाश, दुकानांत होत्या नव्हत्या त्या प्रती हातोहात संपल्या.

ते गृहस्थ म्हणजे व्हिक्टर मेदवेदचुक. 2020 मध्ये ते युक्रेनच्या संसदेचे सदस्य होते, गडगंज श्रीमंत होते, आणि रशियाचे अध्यक्ष पुतिन हे त्यांच्या मुलीचे धर्मपिता असल्याचं साऱ्या देशाला ठाऊक होतं. 1980 मध्ये मात्र ते सव्वीस वर्षांचे वकील होते आणि एका कवीचा बचाव करण्यासाठी सरकारने त्यांची नेमणूक केली होती. कवीला तो वकील नको होता. त्या बचावानंतर कवीला कायद्यात होती तेवढी सगळी शिक्षा झाली आणि ती भोगताना तो मेला.

त्या मृत्यूला पस्तीस वर्षं उलटून गेल्यावर त्याच्या खटल्याचे कागद पुन्हा न्यायालयात उभे होते. स्तुसचं सगळं आयुष्यच कागदांच्या या ओढाताणीत गेलं. त्याने लिहायचं, कुणीतरी ते उचलून न्यायचं, आणि त्याने पुन्हा लिहायला बसायचं.

*

स्तुसचा जन्म जानेवारी 1938 मधला, विनित्सा प्रांतातल्या राख्निव्का गावचा. शेतकऱ्याच्या घरातलं ते चौथं अपत्य. सामूहिक शेतीच्या जाचातून सुटायचं तर गाव सोडून कारखान्याच्या शहरात जायचं, हा तेव्हाचा रिवाज. आईवडिलांनी तेच केलं आणि पूर्वेकडच्या दोनबास या कोळशाच्या मुलखात स्तालिनो शहर गाठलं. खाणी, भट्ट्या आणि मजुरांच्या वस्त्यांचं हे शहर पुढे 1961 मध्ये दोनेत्स्क झालं.

शहराची भाषा रशियन होती, घरातली युक्रेनियन. आईच्या गाण्यांतून ही घरची भाषा पोराच्या कानात बसली. तिथल्याच अध्यापन महाविद्यालयातून 1959 मध्ये तो इतिहास आणि साहित्य शिकून बाहेर पडला. काही काळ खेड्यातली शाळा, मग उरलमध्ये लष्करी सेवा, आणि मग होर्लिव्का या खाणींच्या गावात युक्रेनियनचा शिक्षक. युक्रेनमध्येच युक्रेनियन शिकवणं ही किती केविलवाणी नोकरी असू शकते, हे त्याला तिथे कळलं. घरात ती भाषा बोलणारे पालकसुद्धा मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा हिशेब मांडून त्याला रशियनकडे ढकलत. चोवीस वर्षांच्या या मास्तराने 1962 च्या अखेरीस आंद्री मालिश्को या नामवंत कवीला लांबलचक पत्र लिहून दोनबासमध्ये आपल्या भाषेची काय दशा आहे ते कळवलं. त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या सगळ्या पत्रांचं बीज या पत्रात आहे. तक्रार नेमकी, सूर तापलेला, आणि खाली स्वतःची सही.

1963 मध्ये कीव्हच्या विज्ञान अकादमीतल्या शेव्हचेन्को साहित्य संस्थेत त्याला संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला. ख्रुश्चेव्हच्या काळातली थोडी मोकळी हवा अजून होती. कीव्हमध्ये तरुण कवी, चित्रकार, समीक्षक यांचा एक गोतावळा जमला होता. पुढे त्यांना ‘साठीचे लोक’ असं नाव पडलं. स्तुस त्यांच्यातला अबोल. गटे आणि रिल्के मूळ जर्मनमधून वाचणारा, सभासंमेलनांपेक्षा टेबलाशी रमणारा माणूस.

म्हणूनच 4 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळी त्याने जे केलं ते ओळखीच्यांनाही अनपेक्षित होतं.

*

त्या संध्याकाळी कीव्हच्या ‘उक्राइना’ चित्रपटगृहात सेर्गेई पाराजानोवच्या ‘विसरलेल्या पूर्वजांच्या सावल्या’ या चित्रपटाचा पहिला खेळ होता. कार्पाथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची ही प्रेमकथा पुढे जगभर गाजली. खेळाआधी कलावंतांचा सत्कार सुरू असताना समीक्षक इवान झ्यूबा व्यासपीठावर गेला आणि भलतंच बोलू लागला. गेल्या काही आठवड्यांत युक्रेनमधल्या अनेक लेखक-विचारवंतांना गुपचूप अटक झाली होती. वर्तमानपत्रांत त्याची एक ओळ नव्हती. झ्यूबाने ते भरल्या प्रेक्षागृहात सांगून टाकलं. गोंधळ उडाला, आवाज बुडवण्यासाठी भोंगा सुरू झाला. तेवढ्यात पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविल आणि स्तुस या दोघांनी हाक दिली, जुलमाच्या विरोधात असेल त्याने उभं राहावं.

काही जण उभे राहिले. बरेचसे बसूनच राहिले. उभं राहणाऱ्यांत मिखायलिना कोत्सुबिन्स्का होती. चित्रपट ज्या कथेवर बेतला होता तिचा लेखक मिखायलो कोत्सुबिन्स्की तिचा काका. आपल्या काकांच्या कथेचा चित्रपट पाहायला आलेल्या या विदुषीची साहित्य संस्थेतली नोकरी पुढे गेली. स्तुसचं नाव तर दोन-तीन आठवड्यांच्या आतच संशोधकांच्या यादीतून कापलं गेलं. कारण दाखवलं होतं गैरवर्तनाचं.

त्याच वर्षी व्हालेंतिना पोपेल्युखशी त्याचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, द्मित्रो. गटेचा अभ्यासक आता बांधकामावर मजुरी करू लागला, भुयारी रेल्वेच्या कामावर गेला, बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागला. कवितासंग्रह मात्र तो प्रकाशकांकडे पाठवत राहिला. पहिला परत आला. दुसरा, ‘हिवाळी झाडं’, हाही परत आला. पण त्याची एक प्रत सरहद्दीपलीकडे गेली आणि 1970 मध्ये ब्रसेल्सला छापून आली. परदेशात पुस्तक निघणं हा लेखकाचा सन्मान. सोव्हिएत तपासणी अधिकाऱ्यासाठी मात्र तो तयार पुरावा होता. ‘आनंदी कबरस्तान’ हा पुढचा संग्रह स्तुसने प्रकाशकाकडे नेलाच नाही. कार्बन लावून टंकलेल्या मोजक्या प्रती मित्रांच्या हातून हातात फिरल्या.

नोव्हेंबर 1970 मध्ये या गोतावळ्यातली चित्रकार आल्ला होर्स्का हिचा खून झाला. कुटुंबातल्या भांडणातून घडलं, असा सरकारी खुलासा आला आणि तो कुणालाच पटला नाही. तिच्या अंत्यविधीला कोण कोण येतं यावर पाळत होती. स्तुस नुसता आला नाही, तिच्या कबरीपाशी बोलला.

*

12 जानेवारी 1972 ला केजीबीने एकाच वेळी अनेक घरांवर धाडी घातल्या. कीव्ह आणि ल्विव्हमधून लेखक, समीक्षक, शिक्षक उचलले गेले. इवान स्वितलिच्नी, येव्हेन स्वेर्स्त्युक, चोर्नोविल आणि स्तुस. कलम 62, सोव्हिएतविरोधी प्रचार. कवितांचा ‘प्रचार’ सिद्ध करायचा तर कवितांचा अर्थ लावणारा कुणीतरी हवा. म्हणून साहित्याच्या तज्ज्ञाकडून लेखी अभिप्राय मागवण्यात आला. कुठल्या ओळीत निराशा आहे, कुठल्या प्रतिमेत राज्याची बदनामी आहे, याचं रसग्रहण आरोपपत्राला जोडलं गेलं. स्तुसच्या कवितेचं इतकं बारकाईने वाचन तोवर दुसऱ्या कुणी केलं नसावं.

कोठडीत स्तुसने अर्ज करून पुस्तकं आणि कागद मागितले, आणि आश्चर्य म्हणजे ते मिळाले. तपासाच्या सुमारे नऊ महिन्यांत त्याने झपाटल्यासारखं लिहिलं. स्वतःच्या कविता आणि त्यांच्या बरोबरीने गटेचे अनुवाद. त्या हस्तलिखिताला त्याने जोडनाव दिलं, एक युक्रेनियन आणि एक जर्मन, दोन्हींचा अर्थ ‘निर्मितीचा काळ’. सप्टेंबरात निकाल लागला. पाच वर्षं कॅम्प, त्यानंतर तीन वर्षं हद्दपारी.

कॅम्प मोर्दोव्हियात होता, मॉस्कोच्या आग्नेयेला. दिवसा सक्तीचं काम, ठरावीक दिवसांनी झडती. झडतीत कविता सापडली की ती गेली. स्तुस ती आठवून पुन्हा लिहायचा. लिहिताना शब्द बदलायचे, कधी कडवंच बदलायचं. ती वही गेली की तिसरा खर्डा. ज्या संग्रहाने त्याचं नाव झालं त्याचं शीर्षक ‘पॅलिम्पसेस्ट’ असं आहे. पूर्वी चामड्याचा कागद महाग असायचा, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. खालची अक्षरं मात्र पुरती जात नसत. अशा पानाला तो शब्द आहे. शीर्षक कवीने अर्थासाठी निवडलं असेल, पण संपादकांना ते शब्दशः निस्तरावं लागलं. एकेका कवितेचे तीन-तीन, चार-चार पाठ, आणि अखेरचा कुठला म्हणायचा याचा पत्ता नाही.

कविता बाहेर काढायच्या दोन वाटा होत्या. पहिली पत्रांची. महिन्याला मोजकीच पत्रं पाठवता येत, आणि प्रत्येक पत्र तपासनीस वाचणार. कवितेच्या ओळी एकाखाली एक दिसल्या की तो थबकणार. म्हणून स्तुस ओळी न तोडता सलग गद्यासारखं लिहायचा आणि डोळ्यांत भरणारे शब्द बदलायचा. युक्रेनियनमध्ये तुरुंगाला ‘त्युर्मा’ म्हणतात. पहिलं अक्षर गाळलं की ‘युर्मा’ उरतं, म्हणजे गर्दी. मात्रा जवळपास तीच आणि तपासनीस गाफील. कीव्हमध्ये व्हालेंतिना ते पत्र उघडायची आणि परिच्छेदातून कविता सोडवून काढायची.

दुसरी वाट माणसाच्या डोक्यातून जात होती. मिखाईल हैफेत्स हा लेनिनग्राडचा ज्यू लेखक. योसेफ ब्रॉडस्कीच्या कवितांना प्रस्तावना लिहिली म्हणून त्याला चार वर्षं कॅम्प मिळाला होता. मोर्दोव्हियात त्याची स्तुसशी गाठ पडली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण या माणसाच्या कविता वाचल्या पाहिजेत हे त्याने ओळखलं आणि त्या पाठ करायला घेतल्या. झडतीत डोकं उघडून पाहता येत नाही. पुढे हैफेत्सने स्तुसवर लिहिलेल्या आठवणी ही या काळाची एक महत्त्वाची साक्ष ठरली.

शरीर मात्र साथ सोडत होतं. पोटात अल्सर होता, 1975 मध्ये रक्तस्राव होऊन तो मरता मरता वाचला. त्याला कीव्हला नेण्यात आलं, ते उपचारांसाठी नव्हे. माफीनामा लिही, हे समजावण्यासाठी. त्याने लिहिला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस लेनिनग्राडच्या तुरुंग-इस्पितळात शस्त्रक्रिया करून त्याच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला. मग तो परत कॅम्पात.

*

1977 मध्ये कॅम्प संपला आणि हद्दपारी सुरू झाली. ठिकाण होतं मात्रोसोवो, मागादान प्रांतातली सोन्याची खाण, म्हणजे कुप्रसिद्ध कोलिमाचा मुलूख. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला खाणीच्या बोगद्यात काम. राहायला मजुरांची सार्वजनिक खोली, तिथे दारू आणि चहाड्या यांना तोटा नाही. त्या भागातल्या पक्षाच्या वर्तमानपत्राने ‘वासिल स्तुसचे मित्र आणि शत्रू’ असा लेख छापून गावाला सावध केलं, की हा माणूस सोव्हिएत लोकांचा वैरी आहे.

1978 मध्ये तिकडे इंग्लंडमध्ये पेन या लेखकसंघटनेने त्याला सदस्य करून घेतलं. इकडे त्याने सोव्हिएत नागरिकत्व सोडत असल्याचं पत्र सरकारला धाडलं. वडील मरणाच्या दारात होते तेव्हा दोनेत्स्कला जाण्याची परवानगी मिळाली, ती त्यातल्या त्यात दया.

ऑगस्ट 1979 मध्ये तो कीव्हला परतला तेव्हा शहर रिकामं वाटावं असं झालं होतं. ओळखीची माणसं कॅम्पात, हद्दपारीत, नाहीतर गप्प. चार वर्षांपूर्वी, 1 ऑगस्ट 1975 ला, पस्तीस देशांनी हेलसिंकीत एका करारावर सह्या केल्या होत्या. सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमा कबूल करून घेतल्या, बदल्यात मानवी हक्क पाळायचं कागदोपत्री मान्य केलं. मॉस्कोला वाटलं असावं, कागदच तो. पण 9 नोव्हेंबर 1976 ला मिकोला रुदेन्को या कवीच्या पुढाकाराने कीव्हमध्ये दहा जणांनी ‘युक्रेनियन हेलसिंकी गट’ स्थापन केला. काम एवढंच, तुम्हीच सही केलेला करार तुम्ही कुठे कुठे मोडता याच्या नोंदी करायच्या आणि त्या जगापुढे मांडायच्या. कुणाला कुठल्या कलमाखाली पकडलं, कुणाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, कुणाला आईच्या भेटीची परवानगी नाकारली. गटाने काही लपवलं नाही. पत्रकाखाली सदस्यांची नावं आणि पत्ते असत. त्यामुळे अटक करणाऱ्यांना फार शोधावं लागलं नाही. रुदेन्कोला 1977 मध्येच सात वर्षं कॅम्प आणि पाच वर्षं हद्दपारी झाली.

स्तुस परतला तोवर गटातले बहुतेक जण आत होते. नुकताच आठ वर्षं काढून आलेला, अर्ध्या पोटाचा, बायकामुलाचा माणूस. अशाने थोडं थांबायला हवं होतं, असं हितचिंतकांना वाटणं साहजिक. त्याने ऑक्टोबरात गटाचं सदस्यत्व घेतलं. पोटासाठी आधी ‘पॅरिस कम्यून’ कारखान्याच्या ओतशाळेत आणि मग ‘स्पोर्ट’ या बुटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी काम धरलं. रात्री घरी येऊन तो निवेदनं लिहीत होता.

हे मोकळेपण जेमतेम नऊ महिने टिकलं. मॉस्कोत ऑलिंपिक जवळ आलं होतं आणि परदेशी पाहुण्यांच्या आधी घर आवरायची लगबग चालली होती. 14 मे 1980 ला स्तुसला पुन्हा अटक झाली.

*

किपियानीच्या पुस्तकाचा मोठा भाग याच खटल्याचा आहे. या वेळचा आरोप पुन्हा कलम 62, पण दुसऱ्यांदा, म्हणून ‘विशेष धोकादायक सराईत गुन्हेगार’ हा शिक्का. पुरावा म्हणजे पत्रं, निवेदनं, कविता आणि सोबत काम केलेल्यांच्या साक्षी. सरकारने दिलेला वकील आपल्याला नको, असं स्तुसने सांगितलं होतं. ते मानलं गेलं नाही.

29 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर एवढ्यात काम उरकलं. मिखायलिना कोत्सुबिन्स्का साक्षीला आली आणि आरोपीबद्दल चांगलंच बोलून गेली. स्वितलाना किरिचेन्कोने साक्ष द्यायलाच नकार दिला. ज्या खटल्यात स्तुस फिर्यादी असेल त्यात आपण बोलू, असं तिने न्यायालयाला सुनावलं आणि त्यापायी तिला तीन महिने सक्तीच्या कामाची शिक्षा झाली.

मग बचावाच्या वकिलाची पाळी. मेदवेदचुक उठले आणि म्हणाले, की आरोपीची कृत्यं शिक्षेला पात्र आहेत आणि लावलेलं कलमही योग्य आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आरोपी कारखान्यात नेमून दिलेलं काम पुरं करत होता, आणि त्याच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेली आहे. खटल्याच्या नोंदींत हे आहे. आपण त्या काळी काहीच करू शकलो नसतो, निकाल आधीच वर ठरलेले असत, असं मेदवेदचुक पुढे मुलाखतींतून सांगत आले. त्यात तथ्य आहेच. पण त्याच काळात साक्षीदाराच्या जागेवरून किरिचेन्को काय बोलली, तेही त्याच नोंदींत आहे.

आरोपीला शेवटचं निवेदन करायचा हक्क सोव्हिएत कायद्यातही होता. वकिलाच्या भाषणानंतर न्यायालय उठलं, पुन्हा बसलं ते थेट निकाल वाचायला. स्तुसने तिथेच हरकत घेतली, तिचा उपयोग झाला नाही. दहा वर्षं विशेष कडक कॅम्प, पाच वर्षं हद्दपारी. याहून अधिक त्या कलमात नव्हतं. गोर्की शहरात नजरकैदेत असलेल्या आंद्रेई साखारोव्ह यांनी त्या महिन्यात निषेधाचं पत्रक काढलं आणि जगातल्या कवींनी, शास्त्रज्ञांनी स्तुससाठी बोलावं असं आवाहन केलं.

*

उरल पर्वताच्या पायथ्याशी, पर्म प्रांतात कुचिनो नावाचं खेडं आहे. त्याच्या कडेला कॅम्प क्रमांक 36. त्यातला ‘विशेष’ विभाग म्हणजे कैद्यांचा शेवटचा थांबा. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, कुलूपबंद खोल्या, फिरायला वर जाळी ठोकलेला चौकोन. काम कसलं, तर विजेच्या इस्त्रीच्या वायरला छोटी पट्टी स्क्रूने बसवायची. सोव्हिएत घराघरांतली इस्त्री तापत होती त्यामागे अशा कवी, शिक्षक आणि वकिलांचे हात होते. लेव्को लुक्यानेन्को, ओलेक्सा तिखी, युरी लित्विन, वासिल ओव्हसियेन्को, सोबत लिथुआनियाचे, एस्टोनियाचे, रशियाचे कैदी. हेलसिंकी गटाची बैठक भरवायची म्हटली असती तर गणसंख्या कीव्हपेक्षा इथे सहज जमली असती.

इथून पत्र महिन्याला एक. त्यात कविता दिसली की पत्र जप्त. तरी स्तुस इथेही काम ओढत होता. रिल्केच्या शोकगीतांचे अनुवाद चालू होते, आणि मुक्तछंदातल्या कवितांची नवी वही भरत होती. तिला त्याने ‘आत्म्याचा पक्षी’ असं नाव ठेवलं होतं. पातळ कागदाच्या कपट्यांवर बारीक अक्षरांत त्याने कॅम्पमधल्या नोंदीही लिहिल्या. पहारेकऱ्यांचं वागणं, मित्रांचं खचणं, पोलंडमधल्या कामगारांच्या ‘सॉलिडॅरिटी’बद्दलचं अप्रूप. एका लिथुआनियन सहकैद्याच्या मदतीने हे कपटे बाहेर गेले आणि 1983 मध्ये पश्चिमेत छापून आले. स्तुसला वर्षभराची एकांत कोठडी मिळाली.

1984 हे वर्ष कुचिनोतल्या युक्रेनियनांना वाईट गेलं. मे महिन्यात तिखी गेला, सप्टेंबरात लित्विन. दोघांचाही कॅम्पने छळ करून जीव घेतला, असंच मागे राहिलेले म्हणत. ऑक्टोबरात वालेरी मार्चेन्को हा पत्रकार तुरुंगाच्या इस्पितळात मरण पावला.

मार्च 1985 मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह आले. बाहेर बदलाची कुजबुज सुरू झाली, पण ती कुचिनोच्या कुंपणापर्यंत पोहोचायला वेळ होता. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात एके दिवशी स्तुस वरच्या बाकड्यावर पुस्तक ठेवून, त्यावर कोपर टेकून वाचत उभा होता. पहारेकऱ्याने दाराच्या भोकातून पाहिलं. दिवसा अंथरुणाला टेकणं हा नियमभंग. पंधरा दिवस शिक्षाकोठडी. वीस वर्षांपूर्वी चित्रपटगृहात उभं राहिल्याबद्दल त्याची संस्था गेली होती. आता नीट उभं न राहिल्याबद्दल अंधारकोठडी आली. स्तुसने उपोषण जाहीर केलं.

3 आणि 4 सप्टेंबरच्या मधल्या रात्री तो मेला. वय सत्तेचाळीस. कागदावर कारण लिहिलं, हृदय बंद पडलं. कैद्यांच्या आठवणींत उपाशीपोटी थंडीने गारठून मेल्याचं आहे, आणि भिंतीला उभं अडकवलेलं बाकडं मुद्दाम सोडून त्याच्या डोक्यावर आदळवलं, अशीही एक हकिगत आहे. व्हालेंतिना आणि लष्करात असलेला द्मित्रो धावत पोहोचले तोवर दफन उरकलं होतं. प्रेत मागितलं तर उत्तर मिळालं, की शिक्षेची मुदत संपेपर्यंत ते देता येत नाही. जवळच्या बोरिसोवो गावच्या कबरस्तानात मातीच्या ढिगावर एक खुंटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, आकडा होता, 9.

त्या वर्षीच्या नोबेलसाठी स्तुसचं नाव सुचवलं गेलं होतं आणि म्हणूनच त्याला मारलं, ही गोष्ट युक्रेनमध्ये शाळकरी पोरंही सांगतात. ते नाव जर्मन लेखक हाइनरिख ब्योल यांनी सुचवलं, असंही त्यात असतं. ब्योल स्तुसच्या सुटकेसाठी जाहीरपणे बोलले होते, एवढं खरं. स्तुसच्या दीड महिना आधी, जुलैत, तेही गेले. पण नोबेलच्या शिफारशी पन्नास वर्षं बंद पेटीत असतात आणि या गोष्टीला कागदाचा आधार आजवर मिळालेला नाही. गोष्ट टिकून आहे ती तिच्यातल्या न्यायामुळे असावी. ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं त्याला मोठ्यात मोठं काहीतरी मिळणार होतं, असं लोकांना वाटायला हवं असतं.

*

चार वर्षांनी, 1989 च्या उन्हाळ्याच्या शेवटी, मित्र आणि नातेवाईक स्तुस, तिखी आणि लित्विन यांना घरी न्यायला पर्मला गेले. भागात साथरोगाची भीती असल्याचं सांगून अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. नोव्हेंबरात ते पुन्हा गेले, सोबत चित्रपटवाल्यांची तुकडी घेऊन. थंडीने कडक झालेली माती उकरून शवपेट्या वर काढल्या गेल्या. 19 नोव्हेंबरच्या रविवारी कीव्हमध्ये तीन शवपेट्यांमागे हजारो लोक चालले. निळे-पिवळे झेंडे उघड फडकत होते, आणि तेव्हा तो झेंडा अजून देशाचा झालेला नव्हता. बायकोव्हे कबरस्तानात तिघांना शेजारी शेजारी ठेवलं. यातल्या लित्विनचा वकीलही मेदवेदचुकच होता.

पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्तुसवरचे निकाल रद्द केले, गुन्हा घडलेलाच नव्हता म्हणून. द्मित्रो वडिलांच्या साहित्याचा अभ्यासक झाला, त्याने त्यांचं चरित्र लिहिलं. मिखायलिना कोत्सुबिन्स्कानेही या हस्तलिखितांना वाहून घेतलं. पाठभेद लावत लावत 1994 ते 1999 या काळात ल्विव्हहून सहा खंडांत, नऊ ग्रंथांत स्तुस-वाङ्मय निघालं.

2014 मध्ये दोनेत्स्क रशियाच्या पाठिंब्याने लढणाऱ्यांच्या हातात गेलं. स्तुस जिथे शिकला ते महाविद्यालय आता विद्यापीठ होतं. त्याच्या भिंतीवरचं स्तुसचं उठावशिल्प 2015 मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी उतरवलं. प्राध्यापक आणि विद्यार्थी मात्र त्याआधीच पश्चिमेकडे निघून गेले होते. विद्यापीठाने बिऱ्हाड मांडलं ते विनित्सात, म्हणजे स्तुसच्या आईवडिलांनी ज्या मुलखातून दोनेत्स्कची वाट धरली होती तिथे. 2016 मध्ये या निर्वासित विद्यापीठाने स्वतःला वासिल स्तुसचं नाव दिलं.

किपियानीच्या पुस्तकावरची बंदी वरच्या न्यायालयाने मार्च 2021 मध्ये उठवली. वर्षभरात रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. मेदवेदचुक यांना युक्रेनने दरम्यान नजरकैदेत ठेवलं होतं; तिथून निसटलेले ते एप्रिल 2022 मध्ये पकडले गेले आणि सप्टेंबरात त्यांना कैद्यांच्या अदलाबदलीत रशियाकडे सोपवण्यात आलं. त्या एका माणसाच्या बदल्यात दोनशे युक्रेनियन सैनिक घरी परतले, असं अध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितलं. परतलेल्यांत बरेच जण मारिउपोलचे बचावकर्ते होते. मारिउपोल दोनेत्स्क प्रांतातच आहे.

कुचिनोच्या कॅम्पच्या जागी नव्वदच्या दशकात काही रशियन मंडळींनी कष्टाने संग्रहालय उभं केलं. 2014-15 मध्ये त्यांना बाजूला करून सरकारने ते ताब्यात घेतलं. खटल्याचे कागद कीव्हमध्ये होते म्हणून किपियानीच्या हाती लागले. शिक्षाकोठडीत जाताना स्तुसने मागे ठेवलेले कागद पर्मकडे राहिले. व्हालेंतिनाला प्रेत मिळालं नाही, तशी ती वहीही मिळाली नाही. नऊ ग्रंथांत पत्रं आहेत, अनुवाद आहेत, एकेका कवितेचे चार-चार पाठ आहेत. ‘आत्म्याचा पक्षी’ची वही त्यांत नाही.